मरणघरचे चित्रपट

नोव्हेंबर हा पवित्र सभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेच्या आदल्या आठवड्यात दफनभूमीतले गवत काढले जाते, क्रुसांना चुना लागतो, आणि एरवी वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारी भावंडे मेणबत्त्यांच्या उजेडात आईबापांच्या कबरीपाशी भेटतात. गेल्या नोव्हेंबरात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एक सूचना मांडली. जपमाळ होईल, कबरींची सफाईही होईल; पण एका संध्याकाळी सभागृहात मरणाविषयीचा एखादा चित्रपट दाखवू या. चित्रपट त्यांनीच निवडला होता. भाषा मल्याळम, नाव 'ई. म. यौ.'. आम्ही तो पूर्वी पाहिलेला होता. एकदा नव्हे, तीनदा. होकार द्यायला आम्हांला क्षणाचाही विलंब लागला नाही.

त्या संध्याकाळी खुर्च्या भरल्या होत्या. चित्रपट निम्म्यावर आला तेव्हा पाचसहा कुटुंबे उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर एक वृद्ध धर्मग्रामस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी आमची वाट पाहत थांबले होते. म्हणाले, "फादर, तुमच्याविषयी आदर आहे म्हणून बोलतो. चर्चच्या हॉलमध्ये, तोही मृतांच्या महिन्यात, असला सिनेमा? त्यातला फादर पाहिलात ना? बाहेरचे लोक आपल्याला काय कमी हसतात?" आम्ही म्हणालो, "काका, विचार करून सांगतो." उत्तर तेव्हा सुचले नाही असे नव्हे, पण दाराशी उभ्याउभ्या देण्यासारखे ते नव्हते. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

आधी एका गोष्टीची कबुली देऊ. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणसाचे जे चित्र वर्षानुवर्षे रंगवले ते आम्ही सर्वांनी मुकाट्याने, शेंगदाणे खात पाहिले आहे. खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी मुलगी कोण, तर आपली. तोतरे हिंदी बोलणारा दारूडा कोण, तर आपला. आणि धर्मगुरू म्हटला की पांढरा झगा, हातात पुस्तक, तोंडात 'माय सन', काम एवढेच की नायकाने गुडघे टेकले की वर पाहायचे. त्या धर्मगुरूला कधी ताप येत नाही, राग येत नाही, त्याची चूक होत नाही. तो माणूसच नव्हे. त्या चित्रांविरुद्ध कोणी सॅक्रिस्टीच्या दाराशी उभे राहिल्याचे आम्हांला आठवत नाही. मग आपल्याच समाजात वाढलेल्या एका माणसाने, आपल्याच सागरकिनाऱ्यासारख्या एका किनाऱ्यावरचे एक ख्रिस्ती घर, त्यातली चूल, देव्हारा, कर्ज आणि रडणे यांसह दाखवले, की आपण का दुखावतो? खोट्या चित्राचा आपल्याला त्रास झाला नाही. खऱ्याचा झाला.

'ई. म. यौ.' हा लिजो जोस पेल्लिशेरी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१८ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. पटकथा कोचीचे लेखक पी. एफ. मॅथ्यूज यांची. 'ईशो, मरियम, यौसेप्प' या तीन नावांची आद्याक्षरे म्हणजे चित्रपटाचे नाव. केरळच्या लॅटिन कॅथोलिक घरांत मरणासन्न माणसाच्या कानात ही तीन नावे उच्चारतात. येशू, मरिया, योसेफ. आपल्याकडेही आजी-आजोबांच्या उशाशी बसून आपण हेच करीत आलो. चित्रपटाचे नाव वाचूनच आमच्या सभागृहातील वृद्ध स्त्रियांनी क्रुसाची खूण केली, हे आम्ही पाहिले.

कथा जेमतेम एका दिवस-रात्रीची. कोचीजवळच्या चेल्लानम या कोळ्यांच्या वस्तीत वावच्चन मेस्तिरी नावाचा म्हातारा बऱ्याच दिवसांनी घरी परततो. हातात एक बदक आणि दारू. घरातून असे अधूनमधून नाहीसे होण्याची त्याला खोड आहे. रात्री मुलगा ईशी आणि तो पीत बसतात. म्हाताऱ्याला स्वतःच्या बापाची प्रेतयात्रा आठवते. किती थाटाची, किती माणसांची! माझी कशी होईल, असे तो विचारतो. नशेच्या उमाळ्यात मुलगा वचन देतो: बाप्पा, तुमची त्याहून मोठी करीन, बँड लावीन, बिशपांना आणीन. आणि त्याच रात्री म्हातारा कोसळतो.

एवढीच गोष्ट. पुढचा सारा चित्रपट म्हणजे एका गरीब मुलाने बापाला दिलेले वचन आणि ते मोडीत काढणारा पाऊस. ईशी बायकोचे दागिने गहाण टाकतो, महागडी शवपेटी आणतो. तिची झगमग त्या घराच्या मातीच्या भिंतींना शोभत नाही; पण त्याच्या डोळ्यांत मात्र ती शोभते. गरिबाने अंत्यविधीवर कर्ज का काढावे, असा उपदेश आम्ही स्वतः कितीदा केला आहे! हा चित्रपट पाहिल्यापासून तो उपदेश पूर्वीच्या ठणकावणीने आम्हांला करता येत नाही. जिवंतपणी बापाला जे देता आले नाही ते एकाच दिवसात देण्याची ती धडपड आहे. तिला उधळपट्टी म्हणणे सोपे. ती कोठून येते हे कळणे अवघड.

पौली वल्सन या अभिनेत्रीने साकारलेली विधवा, पेन्नम्मा, हे या चित्रपटाचे एक भांडार आहे. कोणी दारात आले की ती नव्याने हंबरडा फोडते. रडता रडता नवऱ्याचे गुण गाते, मध्येच शेजारणीचा हिशेब चुकता करते, सुनेच्या माहेरच्यांना टोमणा हाणते, आणि पुन्हा हंबरडा. सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पण हसता हसता लक्षात येते की ही बाई ढोंग करीत नाही. आपल्या आयुष्याची कैफियत मांडायला तिला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा सभामंच आहे. नवरा मेला म्हणून आज तरी सारा गाव तिचे ऐकून घेतो आहे. अशा विलापिका आपल्या गावांतही होत्या. कोणा माउलीच्या रडण्यातून तिच्या लग्नापासूनची सारी कहाणी उलगडत असे. मरणघरात शांतता राखा, जपमाळ म्हणा, असे सांगून आम्हीच त्या गप्प केल्या. त्यात सारेच चांगले झाले असे आता आम्हांला वाटत नाही.

या गोंधळात एकच माणूस उभा राहतो. पंचायतीचा सदस्य अय्यप्पन, नावावरून हिंदू. विनायकन यांनी ही भूमिका अशी केली आहे की तो अभिनय आहे याची आठवणही राहत नाही. पेटी, बँड, पोलीस, सारी धावपळ तोच करतो. जो आपल्या वेदीसमोर कधी गुडघे टेकणार नाही, तो मित्राच्या बापाला मातीआड करण्यासाठी दारोदार अपमान सोसतो. मृतांना पुरणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. टोबितने राजाची भीती झुगारून आपल्या बांधवांची प्रेते पुरली, हेही आपण वाचले. चित्रपटात टोबितचे काम अय्यप्पन करतो. दिग्दर्शक ते बोलून दाखवत नाही, म्हणूनच ते मनात राहते.

आणि आता तो धर्मगुरू.

गावातला एक जण कुजबूज सुरू करतो: म्हातारा आपल्या मरणाने मेला नाही. कुजबूज धर्मगुरूच्या कानी जाते. दिलीश पोत्तन यांनी उभा केलेला हा धर्मगुरू दुष्ट नाही. त्याला नियम पाळायचे आहेत, आणि थोडेसे गुप्त पोलीस होण्याची हौसही आहे. तो प्रश्न विचारतो, शंका घेतो, आणि अखेर आपल्या दफनभूमीत या प्रेताला जागा देण्यास नकार देतो. पाऊस कोसळतो आहे, पेटी भिजते आहे, म्हाताऱ्याचे दुसरे कुटुंब दारात येऊन उभे राहिले आहे, गावात हाणामारी झाली आहे. ईशीचा तोल जातो. तो कुदळ उचलतो आणि आपल्याच अंगणात, चिखलात, बापासाठी खड्डा खणतो. बिशप नाहीत, बँड नाही, पवित्र पाणी नाही. चेंबन विनोद जोस यांच्या त्या खणण्याकडे पाहताना सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. (उठून जाणारे त्याआधीच गेले होते. त्यांनी हे पाहायला हवे होते.)

वाचकहो, येथे आम्हांला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे.

गुरुदीक्षा घेऊन आम्हांला दुसरेच वर्ष होते. एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो; मुख्य धर्मगुरू रजेवर गेले होते. गावातला एक तरुण विहिरीत सापडला. पाय घसरला की त्याने उडी घेतली हे कोणी पाहिले नव्हते. पण दुपारपर्यंत सारे गाव पाहिल्यासारखे बोलू लागले. काही वजनदार मंडळी आमच्याकडे आली. फादर, अशा माणसाला घंटा वाजवून आत घेतले तर उद्या तरुण पोरांना काय सांगाल? १९१७ च्या धर्मसंहितेत हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या नव्या संहितेतून ती तरतूद गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर अशांसाठी प्रार्थना करण्यासच सांगितले. हे आम्हांला ठाऊक होते. सेमिनरीतून आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो, कलमांचे क्रमांकही पाठ होते. शिवाय येथे तर आत्महत्या झाली हेही कोणास ठाऊक नव्हते. तरीही आम्ही नियम बाजूला ठेवला आणि गावाला घाबरलो. दिवेलागणीच्या वेळी, भिंतीकडेच्या एका कोपऱ्यात, मिस्सा न करता, दोन प्रार्थना म्हणून त्या मुलाला पुरले. परत निघताना त्याच्या आईने एकच विचारले, "फादर, घंटा नाही वाजली?"

त्या वेळी आम्ही तिला काय सांगितले ते आठवत नाही. काहीतरी सांगितले असणार. ती माउली आता हयात नाही.

चित्रपटातला धर्मगुरू पाहून आम्हांला आमची बदनामी झाल्यासारखे वाटले नाही, याचे कारण हे. तो नियमाच्या आडोशाने चुकला, आम्ही नियम डावलून चुकलो. कुजबुजीपुढे मात्र दोघेही सारखेच नमलो. वीस-पंचवीस वर्षांत त्या संध्याकाळीविषयी आम्हांला कोणी जाब विचारला नाही. वरिष्ठांनी नाही, गावाने तर नाहीच. विचारला तो केरळातील एका दिग्दर्शकाने, ज्याला आमचे नावही ठाऊक नाही. काका म्हणतात बाहेरचे लोक हसतील. हसोत. अंगणातला तो खड्डा पाहून ज्याला हसू येईल त्याची आम्हांला फारशी चिंता वाटत नाही.

म्हणून चित्रपटात दोष नाहीत असे मात्र नव्हे. धर्मगुरूचे पात्र आम्हांला थोडे एकरंगी वाटते. त्याच्याही मनात रात्री काही हलले असेल. दिग्दर्शकाला ते पाहण्यात रस नाही. कबर खणणारा माणूस कबरीतच गतप्राण होतो हा प्रसंग अंगावर काटा आणतो खरा, पण एका पावसाळी दिवसावर नियतीने जरा जास्तच भार टाकला असेही वाटून जाते. समुद्रकिनारी पत्ते खेळत बसणारे दोघे आणि अखेरीस पलीकडे नेणाऱ्या नावांची वाट पाहणारे मृतात्मे, ही रूपके सुंदर आहेत. पण ईशीच्या कुदळीनंतर आम्हांला त्यांची गरज भासली नाही. भाषा शिवराळ आहे, दारू भरपूर आहे. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. आमच्या सभागृहात काही जण मुलांना घेऊन आले होते आणि आम्ही त्यांना दाराशीच रोखले नाही, ही चूक आमची. मात्र शैजू खालिद यांचे छायाचित्रण आणि तो पाऊस यांविषयी कितीही लिहिले तरी थोडेच. घराच्या आतून बाहेर, बाहेरून आत, गर्दीतून वाट काढत कॅमेरा असा फिरतो की आपणही त्या मरणघरात, भिजलेल्या चपला दाराशी काढून, कोठे टेकावे हे न कळून उभे आहोत असे वाटते. २०१८ साली गोव्यात, पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात याच चित्रपटासाठी पेल्लिशेरी यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा आणि चेंबन विनोद यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला.

केरळच्या ख्रिस्ती घरांतून आलेली ही धिटाई एकाएकी उगवलेली नाही. तिचा माग काढू लागलो तर आपण आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. जॉन अब्राहम (हिंदी चित्रपटांतील नट नव्हे, युवकांनी हा घोटाळा हमखास केला!) यांचा जन्म १९३७ चा, सिरियन ख्रिस्ती घराण्यातला. आयुर्विमा महामंडळातील नोकरी सोडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले आणि तेथे ऋत्विक घटक यांचे विद्यार्थी झाले. त्यांनी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच चित्रपट केले. १९७७ च्या तमिळ 'अग्रहारत्तिल कळुदै' मध्ये ब्राह्मणवस्तीत एक गाढवाचे पिल्लू येते आणि सारी वस्ती उघडी पडते. १९७९ साली मल्याळममध्ये त्यांनी 'चेरियाच्चन' नावाच्या ख्रिस्ती जमीनदाराची भेदरलेली, पापाने पोखरलेली मनःस्थिती दाखवली. म्हणजे दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवून हा माणूस थांबला नाही. स्वतःच्या घराकडेही वळला.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे धाडस १९८६ च्या 'अम्मा अरियान' मध्ये आहे, आणि ते पडद्यावर दिसण्याआधीच सुरू होते. १९८४ मध्ये कोझिकोडला 'ओडेसा' नावाची एक मंडळी स्थापन झाली. चित्रपटासाठी निर्माता शोधायचा नाही, बँकेकडे जायचे नाही, लोकांकडे जायचे असे त्यांनी ठरवले. गावोगाव फिरले, चौकात चॅप्लिनचा 'द किड' दाखवला, आणि त्याखाली झोळी फिरवली. कोणी रुपया दिला, कोणी पाच दिले. त्या पैशांतून चित्रपट उभा राहिला, आणि तयार झाल्यावर पुन्हा त्याच लोकांकडे नेऊन दाखवण्यात आला. आपल्या पूर्वजांनी चर्च बांधले ते याच पद्धतीने, मूठ-मूठ तांदूळ आणि आणा-आणा गोळा करून. चर्च तसे बांधता येते हे आपल्याला ठाऊक आहे; चित्रपटही तसा बांधता येतो हे त्यांनी दाखवले. आणि ज्याचा पैसा असा हजारो हातांचा असतो, त्याला कोणा एका धनिकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. 'स्वतंत्र चित्रपट' या शब्दांचा एरवी बराच सैल वापर होतो. आम्हांला त्यांचा नेमका अर्थ येथे दिसला.

याही चित्रपटाच्या मध्यभागी एक प्रेत आहे. पुरुषन नावाचा तरुण (ही भूमिका जॉय मॅथ्यू यांची) दिल्लीस निघाला आहे. पत्र लिहीत जाईन असे त्याने आईला सांगितले आहे. वायनाडच्या वाटेवर पोलीस त्याची जीप थांबवतात. झाडाला गळफास घेतलेल्या एका तरुणाचे प्रेत न्यायचे आहे. चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. पुरुषन दिल्लीला जात नाही. तो या मृताची ओळख शोधू लागतो. मित्राकडून मित्राकडे जाता जाता कळते की तो हरी, तबला वाजवणारा, चळवळीत होरपळलेला. मग प्रश्न उभा राहतो: त्याच्या आईला कोण सांगणार? ती कोचीला राहते. एक जण निघतो, दोघे होतात, चार होतात, आणि बघता बघता तरुणांचा एक जथा केरळचा किनारा उतरत कोचीकडे चालू लागतो. वाटेत संप आहेत, लाठ्या आहेत, हरलेल्या लढ्यांच्या आठवणी आहेत. आणि वाटेत जवळजवळ प्रत्येकाच्या घरी एक आई भेटते, जिला निरोप द्यायचा आहे. चित्रपटाचे नाव म्हणजे आईला लिहिलेल्या पत्राचा मायना: आईस कळावे.

हा चित्रपट सोपा नाही. कृष्णधवल आहे, संथ आहे. मध्येच बातमीपट असल्यासारखा वाटतो, मध्येच घोषणा देऊ लागतो. त्यातील राजकारण आमचे नव्हे, आणि हिंसेविषयीची त्यातील सहानुभूती आम्हांला मान्य होण्यासारखी नाही. दोन ठिकाणी आमचा डोळा लागला हेही लपवत नाही. तरीदेखील, ज्याने गळफास घेतला त्याच्या आईला एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून जाऊन सांगायचे, ही जी त्याची मध्यवर्ती कल्पना आहे, तिच्यापुढे आम्ही नतमस्तक झालो. भिंतीकडेच्या त्या कोपऱ्यात दिवेलागणीला आम्ही पाच-सहा जणच होतो. येथे सारा रस्ता भरून माणसे चालली आहेत. जॉन अब्राहम स्वतः १९८७ साली कोझिकोडला एका इमारतीवरून पडून वारले. पन्नाशीसुद्धा नीट पाहिली नाही.

या दोहोंच्या मध्ये, २०१५ साली, डॉन पालत्तरा या तरुण दिग्दर्शकाचा 'शवम्' आला. तोही कृष्णधवल, अगदी तुटपुंज्या साधनांनी केलेला, आणि पुन्हा एका ख्रिस्ती मरणघराचा. कॅमेरा जमलेल्या माणसांमध्ये एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा वावरतो आणि ऐकत राहतो. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहिण्याइतका तो आमच्या मनात अजून मुरलेला नाही. मात्र ज्यांना 'ई. म. यौ.' भावला त्यांनी तो अवश्य पाहावा.

काकांच्या आक्षेपात एक मुद्दा शिल्लक राहतो: हे सारे चर्चच्या सभागृहात कशाला? घरी ज्याने त्याने पाहावे. यावर आम्ही दोन जुन्या गोष्टींची आठवण देऊ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये समाजसंपर्क माध्यमांविषयी जो आदेश काढला, त्यात वाईटाचे चित्रणसुद्धा संयमाने केल्यास माणसाची अधिक खोल ओळख करून देऊ शकते, असे मान्य केले आहे. आणि १९६४ मध्ये पाझोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. पाझोलिनी नास्तिक, मार्क्सवादी. आदल्याच वर्षी एका लघुपटात धर्माची विटंबना केल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले होते. त्याने दक्षिण इटलीतील दगडी गावांत, साध्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांनिशी, एका स्पॅनिश विद्यार्थ्याला येशू करून आणि स्वतःच्या आईला वृद्ध मरिया करून हा चित्रपट घडवला आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात कॅथोलिक चित्रपट संघटनेने त्याला आपला पुरस्कार दिला. १९९५ मध्ये चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत त्याचा समावेश झाला. सेमिनरीत आम्हांला एका जुन्या प्राध्यापकांनी तो दाखवला होता. रीळ दोनदा तुटले. दिवे लागले तेव्हा प्राध्यापक एवढेच म्हणाले की, आता चॅपलमध्ये चला.

सभागृह आणि चर्च यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त एक पडवी आहे. त्या रात्री चित्रपट संपल्यावर काही जण घरी न जाता ती पडवी ओलांडून आत गेले आणि बराच वेळ बसून राहिले. त्यांत एक गृहस्थ होते, ज्यांचे आपल्या थोरल्या भावाशी वडिलांच्या अंत्यविधीच्या खर्चावरून अकरा वर्षे बोलणे नाही. पुढे काय झाले हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

येत्या नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता, 'अम्मा अरियान' दाखवण्याचे युवकांनी ठरवले आहे. पडदा शाळेचा, खुर्च्या महिला मंडळाच्या. इंग्रजी उपशीर्षके ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी आमच्या रुग्णालयातील एक केरळी सिस्टर पुढे बसून मराठीतून सांगत जातील. मुलांना घरी ठेवून यावे. काकांना आम्ही स्वतः घरी जाऊन बोलावणार आहोत.